जांभळ्या शाईतले तीन दिवस

१६ मार्च, सोमवार

आज माझं पेन चोरीला गेलं. या वर्षातलं सातवं. औषधांच्या खिडकीवर पेन ठेवणं आणि रस्त्यावर नोट ठेवणं यात फरक इतकाच, की नोट उचलणारा आधी इकडेतिकडे बघून घेतो. मागच्या खेपेला मी पेनाला सुतळी बांधली होती. सुतळी जागेवर आहे. पेन सोडवून तिला पुन्हा नीट गाठ मारून ठेवलेली आहे. चोर शिस्तीचा माणूस दिसतो. या घटनेची नोंद कुठेतरी व्हायला हवी म्हणून इथे करतो आहे, कारण रुग्णालयाच्या प्रशासकांनी करून घेतली नाही. "खिशाला लावा ना," म्हणाले. खिशाला लावलेलं पेन लोक खिशातून मागून नेतात, हे ज्याने खिडकीमागे एक दिवस काढलेला नाही त्याला कसं कळणार?

शेवटी बाईंनी अब्रू राखली. बाई शाळेत शिकवतात. लाल शाई बघून मुलं दचकतात म्हणून वह्या जांभळ्या शाईने तपासतात. वयाच्या नवव्या वर्षापासून रोज इन्सुलिन टोचून घेतात, आणि माझ्या खिडकीवर येऊन मलाच तब्येतीला जपायला सांगतात.

"गालात काय लपवलंय?"

"दाढ काढली शुक्रवारी. तीन दिवस घरी आडवा होतो."

"आणि सोमवारी हजर? शाबास. हे घ्या पेन. परत द्या हं. माझ्याकडे तीनच आहेत, मोजून ठेवलेली."

"उद्या देतो."

"उद्या म्हणणाऱ्या मुलांना मी चांगली ओळखते."

बाईंच्या इन्सुलिनची दोन खोकी मी नेहमीप्रमाणे फ्रिजच्या अगदी मागच्या भिंतीला टेकवून, वर नाव घालून ठेवली होती. त्यांना लागतो तो प्रकार मिळायला कठीण. पुढे ठेवला तर दुसऱ्याच कोणाला दिला जातो. खोक्यांचे तळ ओलेचिंब. माझी बाही भिजली. पुसून दिली.

मग बाईंच्याच पेनाने राहिलेला अभ्यास उरकला. फ्रिजच्या वहीत शुक्रवार, शनिवार, रविवार. चार अंश, चार अंश, चार अंश. नियम असा, की सलग सुट्टी आली तरी विभागप्रमुखाने, म्हणजे मी, रोज येऊन तापमान बघावं आणि लिहावं. नियम करणारा स्वतः कधी सुट्टीचा इकडे फिरकला होता? तीस वर्षं ही वही सोमवारी भरली जाते आणि तीस वर्षं फ्रिज चार अंशांवर आहे. तरी मी बेफिकीर माणूस नाही. उकाडा बघून गुरुवारी निघताना फ्रिजची थंडावा वाढवायची चकती मी मुद्दाम तीनवरून सातवर नेऊन ठेवली होती. आज आठवणीने परत तीनवर आणली. हा दूधभाजी ठेवायचा घरगुती फ्रिज. औषधांचा द्या म्हणून दोन पत्रं लिहिली, तर त्यांनी नवा थर्मामीटर दिला. त्याला पाच बटणं आहेत. मला एक लागतं.

२१ मार्च, शनिवार

बाई वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात आहेत. काल शाळेच्या जिन्यात कोसळल्या. साखर यंत्राच्या मापाबाहेर गेलेली.

वॉर्डच्या सिस्टर खाली आल्या. हातात बाईंच्या पर्समधली कुपी. "हे बघा हो. कण दिसताहेत ना आत?"

मी उजेडात धरली. म्हटलं, "येताजाता उन्हात राहिली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. कुपी माझ्या हातातून परत घेतली, पिशवीत घातली, वर चिठ्ठी लावली. हल्ली लोकांना ज्याला त्याला चिठ्ठी लावायची सवय जडली आहे.

खिडकी बंद करण्यापूर्वी फ्रिज उघडला. चार. मागच्या भिंतीला हात लावून बघितला. का लावला ते सांगता येणार नाही. तिथे दुसरं काहीच नसतं, बाईंचीच खोकी असतात.

जेवण गेलं नाही. दाढ अजून ठणकते आहे.

२५ मार्च, बुधवार

प्रशासकांचा कागद आला. तीन ओळी. "आपल्या विभागातून दिल्या गेलेल्या इन्सुलिनच्या साठवणीबाबत दोन दिवसांत लेखी खुलासा करावा." खाली सही, तीही रबरी शिक्क्याची.

बायकोने कागद दोनदा वाचला. "अहो, हे साधं नाही. एखाद्या वकिलाला दाखवा."

"तीन ओळींना वकील? उद्या दूधवाल्याने चिठ्ठी ठेवली तर काय न्यायाधीश बोलवू?"

"मग निदान मुदत तरी मागून घ्या."

"मुदत मागणारा आधीच अर्धा चोर दिसतो."

मेहुणा आलेला होता. तो कुठल्याही विषयावर बोलू शकतो, कारण कुठलाच विषय त्याच्या आड येत नाही. म्हणाला, "बरोबर आहे भावोजींचं. वकील आणला की लोकांना वाटतं, काहीतरी भानगड आहे. निरपराध माणसाने स्वतःच लिहावं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मेहुण्याचं म्हणणं मला आज पहिल्यांदा पटलं.

शिवाय लिहिण्याच्या बाबतीत मला कोण शिकवणार? या रुग्णालयात बदलीचे, बढतीचे, बाळंतपणाच्या रजेचे सगळ्यांचे अर्ज मी लिहितो. माझ्या अर्जावर नाही म्हणायची प्रशासकांना भीती वाटते, असं एक्स-रेवाला म्हणतो.

२७ मार्च, शुक्रवार

खुलासा दिला. चार पानं. इतकं हात मोकळा सोडून बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. एक नमुना इथे उतरवून ठेवतो: "ज्या संस्थेला औषधाचा फ्रिज आणि भाजीचा फ्रिज यातला फरक दोन पत्रांनंतरही उमगला नाही, तिने आज तापमानाची चौकशी करावी, ही चेष्टा अंमळ जास्तच थंड आहे." आणि शेवट: "तीस वर्षांत एकही दिवस, सुट्टीचा दिवस धरून, असा गेलेला नाही की मी स्वतः फ्रिजसमोर उभा राहून तापमान पाहिलं आणि नोंदवलं नाही. वही साक्षीला आहे. ती माझ्याइतकी फटकळ नसली तरी माझ्याइतकीच खरी आहे."

एक्स-रेवाल्याने मोठ्याने वाचलं आणि हसता हसता खाली बसला. "फ्रेम करून लावा हे! प्रशासकाला दातखीळ बसेल."

घरी बायकोने प्रत वाचली. ओट्याशी उभी राहून, ओल्या हातांनी.

"शुक्रवारी तेरा तारखेला तुम्ही घरी होतात. गाल एवढा सुजलेला. मी चमच्याने भरवत होते."

"अगं, तो वाक्याचा डौल आहे."

"डौलाखाली सही तुमची आहे."

मग तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासत होती.

३ एप्रिल, शुक्रवार

निलंबन. चौकशी समिती बसणार, तोवर आवारात पाऊल टाकायचं नाही. कपाटातल्या माझ्या वस्तू खोक्यात भरून पहारेकऱ्याने फाटकापर्यंत सोबत केली. चांगला माणूस. "साहेब, खोकं मी धरू?" म्हणाला. मी म्हटलं, "नको. आत फार काही नाही." खरंच नव्हतं. कप, चष्म्याचं घर, सुतळी.

बाई शुद्धीवर आल्या आहेत, पण मूत्रपिंडांनी दगा दिला. त्यांच्या भावाने पोलिसांत तक्रार दिली.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "वकील बघायला हवा."

ती म्हणाली, "आता?" एवढंच. तिने अजून चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

७ एप्रिल, मंगळवार

वकील कसा निवडतात हे कोणी शिकवत नाही. दाढेसाठी मी तीन दवाखाने फिरलो होतो आणि शेवटी ज्याच्याकडे मासिकं नवी होती त्याच्याकडे काढली. आजही साधारण तीच पद्धत.

पहिला, मेहुण्याच्या ओळखीचा, जमिनीच्या हद्दींचे खटले चालवतो. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फ्रिजची जागा कुणाच्या नावावर आहे?" मेहुणा कौतुकाने माझ्याकडे बघत होता.

दुसरा मोठा. काचेचं दालन, भिंतभर मत्स्यालय, त्यात एकच मासा. बाकीच्यांचं काय झालं विचारायचा धीर झाला नाही. त्याने माझ्या खुलाशाचं पहिलं पान वाचलं आणि मान मागे टाकून हसला. "वा! साहेब, तुम्ही चुकून औषधं विकलीत. वकील व्हायला हवं होतं!" दुसरं पान त्याने वाचलं नाही. बाहेर नऊ माणसं खोळंबली होती. "काळजी सोडा. यांना मी उभं चिरतो," म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

९ एप्रिल, गुरुवार

तिसरं नाव बायकोने काढलं. तिच्या मैत्रिणीची नोकरी या वकील मॅडमनी वाचवली होती. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, लाकडी जिना, दोन खुर्च्या, एक टेबल. खालून कानस घासल्याचा आवाज सारखा वर येतो. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चारही पानं वाचली. मग पहिल्या पानावर येऊन पुन्हा वाचली. एकदाही हसल्या नाहीत. मला त्या तेव्हाच आवडेनाशा झाल्या.

"हे पाठवण्यापूर्वी कोणाला दाखवलंत?"

"एक्स-रेवाल्याला."

"त्याने काय सांगितलं?"

"फ्रेम करा म्हणाला."

त्यांनी चष्मा काढला. "यापूर्वी आला असतात तर मी तुम्हाला दोन ओळी लिहून दिल्या असत्या. कागद मिळाला, पंधरा दिवसांची मुदत द्यावी. बस. तेवढ्या वेळात तुम्ही शांत झाला असतात आणि आपण खरं काय ते बघितलं असतं. आता जे करायचं ते या चार पानांच्या पलीकडे जाऊन."

मग वहीच्या नकला उलगडल्या. रुग्णालयाने रंगीत दिल्या आहेत, खर्चाची पर्वा न करता.

"सगळी वही निळ्या शाईत आहे. हे तीन दिवस जांभळे का?"

"मला रंग आवडतात."

"शुक्रवारी, तेरा तारखेला, तुम्ही कुठे होतात?"

"कामावर."

"सुट्टीच्या दिवशी आत जायला किल्ली कोणाकडून घेता?"

"फाटकावरून."

"तिथे सही करावी लागते?"

माझ्या अंगाची लाही झाली. "तुम्ही माझ्या वकील आहात की त्यांच्या?"

"अजून कोणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "पण ते हेच विचारणार. त्यांना उत्तर द्यायच्या आधी मला खरं सांगायची सोय आहे. माझ्याजवळ बोललेलं बाहेर जात नाही. वकील त्यासाठीच करायचा असतो."

मी उठलो. त्यांनी थांबवलं नाही. सल्ल्याची फी घेतली नाही. तेही मला अपमानासारखंच वाटलं.

१३ एप्रिल, सोमवार

मत्स्यालयवाल्याच्या वकीलपत्रावर सही केली. बायको म्हणाली, "तुम्हाला त्या मॅडमनी असं काय विचारलं, की तुम्ही जिन्यावरून पडता पडता आलात?"

"उर्मट बाई आहे."

"मला तुमच्यासाठी तशीच हवी होती."

मी तिला सांगितलं की मोठा वकील म्हणजे आत्मविश्वास, आणि निम्मी लढाई आत्मविश्वासावर जिंकली जाते. ती म्हणाली, "आणि उरलेली निम्मी?" बायका अशा वेळी गणित काढतात.

बाईंचं पेन टेबलाच्या खणात आहे. द्यायचं राहून गेलं, राहूनच गेलं. आता द्यायला जावं तर वकिलाच्या माणसाने बजावलं आहे: त्यांच्या आसपास फिरकलात तर साक्षीदाराला फितवलं म्हणतील.

२३ एप्रिल, गुरुवार

चौकशीची पहिली बैठक झाली. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

मोठा वकील आला नाही. त्याला दुसरीकडे कोणाला तरी उभं चिरायचं होतं. त्याने हाताखालच्याला धाडलं. त्याने गाडीतून उतरता उतरता मला विचारलं, "आपलं प्रकरण विजेचं की इन्सुलिनचं?" समितीत तिघे. मध्ये बसलेल्यांनी माझा खुलासा हातात घेतला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आजपर्यंत इतकं वाईट ऐकू आलं नव्हतं.

"हे तुमचं म्हणणं कायम आहे?"

हाताखालचा म्हणाला, "अक्षरशः कायम आहे."

मग त्यांनी थर्मामीटर टेबलावर ठेवला. पाच बटणांचा. त्यातली चार कशासाठी आहेत ते आज कळलं. तो दर तासाचं तापमान साठवून ठेवतो. शुक्रवार पहाट, शून्य. शनिवार, उणे तीन. रविवार, उणे चार. सोमवारी सकाळी साडेनवानंतर वर चढत चढत चार. इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. नंतर वितळलं, दिसायला पाण्यासारखं झालं, तरी त्यात जीव नसतो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खिडकीत माझ्या हाताने लिहिलेला फलक आहे: 'इन्सुलिन गोठवू नये.' अक्षर सुरेख आहे.

वहीत मात्र चार, चार, चार.

फाटकावरच्या किल्लीच्या नोंदी आणल्या. तिन्ही दिवस कोरे. हाताखालचा म्हणाला, पहारेकरी सही घ्यायला विसरला असेल. म्हणजे आता खोक्याला हात लावू का विचारणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय. मी गप्प बसलो. हे लिहून ठेवतो. मी गप्प बसलो.

मग बाईंचा जबाब वाचला. पलंगावरून सांगितलेला, दुसऱ्या कोणी लिहून घेतलेला, खाली बाईंची वेडीवाकडी सही. "औषधाच्या खिडकीवरचे गृहस्थ फार चांगले आहेत. माझी खोकी ते नेहमी सर्वांत मागे, थंड जागी, नाव घालून जपून ठेवतात. त्या सोमवारी तर बिचाऱ्यांची दाढ काढलेली होती, सुट्टीचे तीन दिवस घरी आडवे होते, तरी हसून बोलले, खोकी पुसून दिली. त्यांच्याकडून हयगय होणार नाही. त्यांना त्रास देऊ नये."

समितीतलं कोणी हसलं नाही. मध्ये बसलेल्यांनी कागद पालथा ठेवला. त्या खोलीत मला वाचवायला एकच माणूस आला होता. त्याच्या साक्षीने मी संपलो.

२४ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर खिडकीशी बसलो. समोरच्या इमारतीत एक माणूस गच्चीवरची टाकी धूत होता. दुपारपर्यंत धुतली. झाकण लावलं, खाली गेला.

त्याला विचारावंसं वाटलं, आत काय होतं.

२५ एप्रिल, शनिवार

लाकडी जिना. खाली कानस चालूच. मॅडमनी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही.

"बसा. पाणी घ्या. आता पहिल्यापासून सांगा. मी मधे बोलणार नाही."

सांगितलं. दाढ, सोमवारची वही, बाईंचं पेन. मग थांबलो. त्यांनी वाट बघितली. त्यांना वाट बघता येते.

"फ्रिज बिघडला नव्हता," मी म्हटलं. "गुरुवारी जाताना चकती मीच सातवर नेली. उकाडा होता. तीन दिवस कोणी येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून."

"म्हणजे येणार नव्हतात हे गुरुवारीच ठरलं होतं."

"हो."

"आणि हे तुम्हाला कधी लक्षात आलं?"

समितीच्या बैठकीत, असं मी म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. "सिस्टरनी कुपी उजेडात धरायला दिली तेव्हा."

एकवीस मार्च. त्या दिवशी वर जाऊन एवढं एक वाक्य बोललो असतो तर डॉक्टरांना कारण शोधत बसावं लागलं नसतं. त्याने मूत्रपिंडं वाचली असती का, मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. डॉक्टरही ठामपणे सांगणार नाहीत. तो प्रश्न तुमच्याकडेच राहील."

"मला काय वाचवता येईल?"

"नोकरी नाही. कदाचित तुरुंग. नक्की काही नाही. पण आधीचं म्हणणं मागे घेऊन खरं सांगितलंत, तर निदान तुमच्या खोट्यावर आणखी खोटं रचलं जाणार नाही. पहारेकऱ्यावर ढकलणं आजपासून बंद. संस्थेने तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, सुट्टीत बदली माणूस दिला नाही, हे मी मांडीन. पण सगळ्यात आधी चकती. ती तुमच्या तोंडून."

"पहिल्या दिवशी तुम्ही एवढं सगळं सांगितलं असतंत तर..."

"तुम्ही उठून गेला असतात," त्या म्हणाल्या. "तसे गेलातच."

मला वकील नको होता. माझा खुलासा ऐकून टाळ्या देणारा हवा होता. तो मिळाला आणि त्याने आगाऊ पैसेही घेतले.

निघताना विचारलं, "चकतीचं मी सोळा तारखेलाच एके ठिकाणी लिहून ठेवलंय. दैनंदिनीत. जाळू का?"

त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "कागदाच्या कपट्यालाही हात लावायचा नाही. काही जाळायचं नाही, फाडायचं नाही, आणि यापुढे मला विचारल्याशिवाय कोणाला एक ओळ लिहायची नाही. वाढदिवसाची शुभेच्छासुद्धा नाही."

८ मे, शुक्रवार

सांगितलं. समितीसमोर, उभं राहून, कागदाशिवाय. अकरा वाक्यं. मॅडमनी मोजून घेतली होती. विशेषणं त्यांनी सगळी काढून टाकली. बोलताना मला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

बाहेर बाकावर बाईंचा भाऊ होता. मी थबकलो. मॅडमनी माझ्या कोपराला धरून पुढे नेलं. त्याच्या मांडीवर जांभळी शाल घडी करून ठेवलेली होती.

२९ मे, शुक्रवार

बडतर्फ. निवृत्तीला दोन वर्षं होती. औषधं देण्याचा परवाना जाईल. फौजदारी खटला उभा राहायचा आहे.

मेहुणा आला, बसला, उठला, म्हणाला, "भावोजी, मी तेव्हाच..." बायकोने त्याच्याकडे बघितलं. तो चहा न घेता गेला.

एक्स-रेवाल्याचा फोन आला. रुग्णालयात नवा फ्रिज आलाय. औषधांचाच. काचेचं दार, आपोआप नोंद, चकतीच नाही. माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला प्रशासकांनी खरेदीच्या मंजुरीला जोडल्या होत्या. "म्हणजे शेवटी तुमचंच लिहिणं कामी आलं," तो म्हणाला. त्याला खरोखर तसं वाटलं असावं.

१० जुलै, शुक्रवार

बायको आता शिवणकाम घेते. मला जमेल ते मी करतो: काजं, बटणं. आज तिच्याजवळ म्हटलं, "तू पहिल्या दिवशीच वकील म्हणाली होतीस."

ती सुईत दोरा ओवत होती. "तेव्हा तरी तुम्ही त्याला खरं सांगितलं असतंत का?"

दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला. उत्तराची वाट तिने बघितली नाही.

बाई शाळेत येऊ लागल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार सोडून. त्या दोन दिवशी चार-चार तास रक्तशुद्धीच्या यंत्राला.

मॅडमना फोन केला. "पेन द्यायचं आहे."

पलीकडे कानस घासल्याचा आवाज येत राहिला.

"भेटायचं नाही. बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पेन ठेवून या. सोबत चिठ्ठी नको."

"नाही लिहीत."

१४ जुलै, मंगळवार

मुद्दाम मंगळवार निवडला.

शाळेच्या शिपायाला सांगितलं, बाईंचं पेन माझ्याकडे राहिलंय. त्याने मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. मधली सुट्टी संपलेली, खोली रिकामी. खिडकीखाली बाईंचं टेबल. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, बाकीच्या टेबलांवरच्यांपेक्षा उंच. वरच्या वहीवर 'छान, पण पुन्हा बघ' असं जांभळ्या शाईत. अक्षर थोडं थरथरलेलं. बाजूला दांडा तुटलेला कप आणि त्यात दोन पेनं.

मी सकाळी नवी शाई भरली होती. टोपण नीट बसलंय का बघितलं आणि तिसरं त्यांच्यात ठेवलं.

शिपाई दारात उभा होता. "कोण येऊन गेलं म्हणून सांगू?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "त्या मोजतात."